मांजराची कण्डू व व्रण : औषधापूर्वी निदान

त्वचाविकाराचा रुग्ण तपासून झाल्यावर जाता जाता त्याने विचारावे, "डॉक्टर, आमच्या मांजरालाही अशीच खाज सुटली आहे, हेच तेल त्याला लावले तर चालेल का?", हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस आलेला असेल. औषधालय चालविणाऱ्या बंधूंना तर हा प्रश्न आपल्यापेक्षाही अधिक वेळा ऐकावा लागतो. ग्राहक घाईत असतो, प्राणी समोर नसतो, आणि "वनस्पतीचेच तेल आहे, अपाय तर काही होणार नाही" या समजुतीने बाटली दिली जाते. ही समजूत मांजराच्या बाबतीत चुकीची आहे, कित्येकदा प्राणघातक आहे. तिची कारणे आणि अशा प्रसंगी वैद्याने व औषधविक्रेत्याने काय करावे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आम्ही केवळ वाचनावरून मांडत नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका कुटुंबातील गृहिणीने आपल्या मांजरीच्या कानांवर व मानेवर खाज असून खाजवून खाजवून तेथे व्रण झाल्याचे सांगितले. पामा व्याधीत माणसांसाठी आम्ही करंज तेलात कापूर मिसळून देत असू. तेच तेल थोडे देऊन "दोन वेळा लावा" असे आम्ही सांगितले. मांजरी आम्ही पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी दूरध्वनी आला. मांजरीच्या तोंडातून लाळ गळत होती, चाल अडखळत होती आणि अंगाला सतत कंप होता. सुदैवाने गावात पशुवैद्यक होते. त्यांनी अंगावरील तेल धुऊन काढले, शिरेतून द्रव दिले, ऊब दिली. चार दिवसांनी ती सावरली. त्यानंतर त्यांनी कानाच्या कडेवरील खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली व आम्हांस पाहावयास बोलाविले. खपलीत खरजेचे असंख्य कीटक होते.

याहून अधिक खंत दुसऱ्या गोष्टीची वाटली. त्याच घरातील सात वर्षांच्या मुलीस हातांवर व पोटावर खाजणाऱ्या पुळ्या होत्या आणि तिला आम्ही महिनाभर रक्तशोधक औषधे देत होतो. घरात प्राणी आहे का, तो मुलीच्या अंथरुणात निजतो का, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. मांजरीवर योग्य उपचार होताच मुलीच्या पुळ्या काही आठवड्यांत विशेष औषधाविना नाहीशा झाल्या. निदान दोन्हीकडे चुकले होते, आणि चुकीचे मूळ एकच होते. आम्ही औषधाचा विचार आधी केला व हेतूचा नंतर.

शास्त्राधार आणि त्याची मर्यादा

प्राणिचिकित्सा ही आपल्या परंपरेस नवीन नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, शालिहोत्राचे नाव धारण करणारी अश्वशास्त्राची परंपरा, जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथ आपल्या अभिमानाचे विषय आहेत. मात्र हे ग्रंथ हत्ती व घोडा यांचे आहेत. हत्ती आणि घोडा हे तृण-पर्ण भक्षण करणारे प्राणी असून त्यांच्यासाठी सांगितलेली मात्रा व द्रव्ये मांजरास लावणे हे शास्त्रास धरून होणार नाही. किंबहुना प्रत्येक प्राण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ रचावा लागला, यातूनच पूर्वाचार्यांनी जातिभेद किती गांभीर्याने घेतला होता हे दिसून येते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधीचे वर्णन करताना मार्जाराची गणना प्रसह वर्गात, म्हणजे भक्ष्यावर झडप घालून खाणाऱ्या प्राण्यांत केली आहे. हे वर्गीकरण मांसगुणांच्या संदर्भातील असले तरी त्यातील निरीक्षण आपल्या विषयास उपयोगी आहे. मांजर हा केवळ मांसावर जगण्यासाठी घडलेला प्राणी आहे. त्याचे सात्म्य मांस आहे, वनस्पती नव्हे. जे द्रव्य माणसास सात्म्य, ते मांजरास सात्म्य असेलच असे नाही. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने हीच गोष्ट यकृताच्या पातळीवर दाखवून दिली आहे.

मांजराचे यकृत वेगळे कसे?

वनस्पतींतील फेनॉल वर्गाची द्रव्ये, सुगंधी तेलांतील अनेक घटक व कित्येक आधुनिक औषधे शरीराबाहेर टाकण्यापूर्वी यकृत त्यांस ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडते. या क्रियेसाठी विशिष्ट विकर लागतात. त्यांपैकी यूजीटी १ए६ नावाचे विकर तयार करणारे जनुक मांजरात निष्क्रिय झालेले आहे, असे इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. मार्जारकुळातील अन्य प्राण्यांतही हीच उणीव असल्याचे २०११ मधील अभ्यासातून दिसून आले. पिढ्यान् पिढ्या वनस्पती न खाणाऱ्या कुळास त्या विकराची गरज उरली नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

परिणाम असा की, माणसाच्या शरीरातून काही तासांत निघून जाणारे द्रव्य मांजराच्या शरीरात दिवसेंदिवस साचत राहते. ॲस्पिरिनचे अर्धायुष्य मांजरात सुमारे दीड दिवसापर्यंत लांबते. पॅरासिटामॉलची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही प्राण घेऊ शकते. त्यात मांजराची एक सवय भर घालते. जागेपणीचा बराच काळ ते स्वतःचे अंग चाटण्यात घालविते. म्हणून मांजराच्या त्वचेवर लावलेले प्रत्येक औषध हे पोटात दिलेले औषध समजावे. 'बाह्योपयोगासाठी' ही चिठ्ठीवरील सूचना मांजरास वाचता येत नाही.

निदान : खाज आणि व्रणाची प्रमुख कारणे

मांजर माणसासारखे उघडपणे खाजवीलच असे नाही. पुष्कळदा ते एकांतात चाटत राहते आणि मालकास केवळ पोटावरचे, मांड्यांच्या आतील बाजूचे केस विरळ झालेले दिसतात. मालक "केस गळतात" अशी तक्रार करतो. वस्तुतः केस गळलेले नसून काटेरी जिभेने चाटून तुटलेले असतात. मांजराची त्वचा निरनिराळ्या हेतूंना मोजक्याच चार रीतींनी उत्तर देते. डोके-मानेची तीव्र खाज व ओरखडे, चाटून आलेले टक्कल, पाठीवर हातास कणीसारख्या लागणाऱ्या बारीक खपल्या, आणि ओठ, मांडी वा पोट येथील लालसर उंचवट्याचे व्रण, अशा त्या चार रीती होत. तेव्हा केवळ व्रणाच्या रूपावरून हेतू ठरविता येत नाही. पुढील कारणे क्रमाने विचारात घ्यावी लागतात.

१) पिसवा. मांजराच्या खाजेचे हे सर्वांत आढळणारे कारण. टेनोसेफॅलिडिस फेलिस ही मांजराची पिसू कुत्र्यावरही राहते व माणसासही चावते. काही मांजरांस पिसवेच्या लाळेचे वावडे असते. त्यांच्या अंगावर दोन-चार पिसवा असल्या तरी संपूर्ण पाठ खपल्यांनी भरून येते. मांजर चाटून पिसवा गिळून टाकत असल्याने "आमच्याकडे पिसू नाहीत" हे मालकाचे विधान प्रमाण मानू नये.

२) खरजेचे कीटक. नोटोएड्रिस कॅटी या कीटकामुळे कानाच्या कडेपासून आरंभ होऊन चेहरा, मान व पंजे यांवर जाड, राखाडी खपल्या येतात. खाज अतितीव्र असते. हा विकार एका मांजरापासून दुसऱ्यास झपाट्याने लागतो. ओटोडेक्टिस सायनोटिस हा दुसरा कीटक कानात राहतो. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ साठतो व खाजविल्याने कानामागे व्रण होतात.

३) गजकर्ण. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी मांजरात विशेष आढळते. केस तुटलेले गोल चट्टे, कोंडा, क्वचित खपल्या दिसतात. येथे खाज अल्प असते, कित्येकदा मुळीच नसते. लांब केसांच्या मांजरात वरून काहीही न दिसता ते बुरशीचे वाहक असू शकते. गळालेल्या केसांवरील बीजाणू घरात वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात.

४) आहाराचे वावडे. डोके व मानेवर वर्षभर टिकणारी, ऋतूशी संबंध नसलेली खाज असल्यास हा संशय घ्यावा. गोमांस, मासे, कोंबडी हे त्यातील नेहमीचे हेतू. याचे निदान रक्ततपासणीने होत नाही. पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनावर सुमारे आठ आठवडे ठेवून, पुन्हा जुना आहार देऊन पाहावे लागते. हा प्रयोग पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली करावा.

५) चाव्याचे गळू. बोक्यांच्या भांडणात सुळ्याचे छिद्र बाहेरून लगेच भरून येते व आत पू साठतो. तीन-चार दिवसांनी सूज, ज्वर व अन्नद्वेष दिसतो. पावसाळ्यात उघड्या व्रणावर माशी बसून अळ्या होणे हेही आपल्याकडे नित्याचे आहे.

६) न भरणारा व्रण. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर, नाकावर वा पापणीवर खपली धरणारा, पुनःपुन्हा रक्त येणारा लहानसा व्रण हा उन्हामुळे होणारा कर्करोग असू शकतो. असा व्रण लेप लावीत महिनोन् महिने सांभाळणे म्हणजे शस्त्रकर्माची वेळ घालविणे होय.

वरील सहा कारणांची चिकित्सा परस्परांहून संपूर्णपणे भिन्न आहे. "खाजेवरचे तेल" ही कल्पनाच म्हणून निरर्थक ठरते.

प्रश्नपरीक्षा व एक सोपी चाचणी

मालकास पुढील प्रश्न विचारावेत. विकार केव्हापासून आहे? आरंभ कोठून झाला? घरात वा शेजारी अन्य प्राणी आहेत का व त्यांना खाज आहे का? मांजर बाहेर फिरते का? आहार काय? घरातील कोणास खाज, पुळ्या वा चट्टे आहेत का? आजवर काय काय लावले? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पुष्कळ मांजरे मूळ व्याधीपेक्षा उपचारानेच अधिक आजारी झालेली असतात.

पिसवांसाठी एक चाचणी मालक घरीच करू शकतो. उवा काढण्याच्या बारीक दातांच्या फणीने मांजराच्या शेपटीच्या बुडाशी व मानेवर केस विंचरावेत. फणीतील काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. काही क्षणांत त्यांभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर ते कण म्हणजे पचलेले रक्त असलेली पिसवेची विष्ठा होय. साध्या मातीचा असा डाग पडत नाही. ही चाचणी नकारार्थी आली तरी पिसवा नाहीतच, असे मात्र म्हणता येत नाही.

कीटक व बुरशी यांच्या निश्चितीसाठी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, केसांची तपासणी, वूड दिव्याखाली सफरचंदी-हिरवी चमक पाहणे व बुरशीची वाढ करून पाहणे ही साधने पशुवैद्यकांकडे असतात. मुंबईत परळ येथील १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची अन्य महाविद्यालये येथे ही सोय आहे. ग्रामीण भागात प्रथम जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

काय देऊ नये?

आपल्या फडताळावरील व घराघरांतील पुढील द्रव्ये मांजरास वर्ज्य समजावीत.

१) कापूर, निलगिरी, पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल, लवंग, दालचिनी, गंधपुरा (विंटरग्रीन), टी-ट्री व लिंबूवर्गीय साले यांची तेले, आणि ती मिसळलेली मलमे व बाम.

२) निंब तेल. निंब हे कण्डूघ्न म्हणून आपल्या विश्वासाचे द्रव्य असले तरी निंबयुक्त कीटकनाशक लावल्यावर मांजरांस लाळ गळणे, कंप व आचके आल्याचे पशुवैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे.

३) महामरिच्यादि तैलासारखे तीव्र कल्प. हरताळ, मनःशिळ, वत्सनाभ, अर्कक्षीर ही त्यातील द्रव्ये माणसाच्या अखंड त्वचेसाठी योजलेली आहेत. व्रणावर लावून चाटण्यासाठी ती नाहीत. पारद, मोरचूद व शेंदूर यांचे लेपही याच कारणाने वर्ज्य.

४) गजकर्णावरील व्हिटफील्ड मलम. यातील बेंझोइक आम्ल व सॅलिसिलिक आम्ल ही दोन्ही मांजरास घातक आहेत. माणसांच्या खरजेवरील बेंझिल बेंझोएट व परमेथ्रिन हीदेखील तशीच.

५) कुत्र्यांचे पिसवा-गोचीड नाशक. त्यांतील पुष्कळांत परमेथ्रिन असते. कुत्र्यास सुरक्षित असलेल्या मात्रेचा काही अंश मांजरास आचके आणण्यास पुरेसा होतो. अमिट्राझही मांजरास देऊ नये.

६) फिनेल, क्लोरोझायलेनॉलयुक्त जंतुनाशके, टर्पेंटाइन, रॉकेल व तंबाखूचे पाणी. जखमेतील अळ्यांवर टर्पेंटाइन ओतण्याची प्रथा फार जुनी आहे. मांजराच्या बाबतीत ती तत्काळ थांबविली पाहिजे.

७) पिसवा पळाव्यात म्हणून लसूण वा कांदा खाऊ घालणे. दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातील लाल पेशी फुटून पांडुता येते.

येथे कोणी विचारील की, गंधकाचे काय? चुना व गंधक यांचे विरल द्रावण पशुवैद्यक मांजराच्या गजकर्णात व खरजेत आजही वापरतात, हे खरे आहे. आपल्या गंधकप्रयोगास त्यातून पुष्टी मिळते, याचा आनंद मानण्यास हरकत नाही. परंतु ते द्रावण ठरावीक प्रमाणाचे असते, ते वाळेपर्यंत मांजरास चाटू दिले जात नाही, आणि निदान आधी झालेले असते. आपल्या गंधक मलमाची डबी ही त्याची बदली नव्हे.

आपण काय करू शकतो?

"मग आयुर्वेदाने हातावर हात ठेवून बसावे काय?" असा प्रश्न स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, आपल्या शास्त्राचा पहिला चिकित्सासिद्धान्त निदानपरिवर्जन हा आहे, आणि मांजराच्या त्वचाविकारात त्याला जेवढे स्थान आहे तेवढे क्वचितच अन्यत्र असेल.

पिसवांचेच उदाहरण घेऊ. प्राण्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण प्रादुर्भावाचा अगदी लहान भाग असतो. अंडी, अळ्या व कोश हे गोधड्यांत, सतरंज्यांत, सोफ्याच्या फटींत असतात. एक मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालू शकते आणि कोशातील पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिने दबून राहते. म्हणून मांजराचे अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविणे, जमीन व फटी झाडून कचरा लगेच घराबाहेर काढणे, घरातील सर्व प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करविणे आणि हा क्रम किमान तीन महिने चालू ठेवणे आवश्यक ठरते. अंगावरील पिसवांसाठी सेलामेक्टिन, फ्लुरालानर यांसारखी मांजरासाठीच बनविलेली औषधे पशुवैद्यक वजन पाहून देतात. मालकास हा क्रम समजावून सांगणे व त्याचे पालन करविणे हे काम कुटुंबाचा वैद्य उत्तम करू शकतो.

पथ्याचा विचारही आपल्या कक्षेतील आहे. शाकाहारी घरांत प्रेमापोटी मांजर केवळ दूध-पोळीवर ठेवले जाते. मांजरास टॉरिन हे द्रव्य आहारातून, म्हणजे मांसातून मिळावेच लागते. त्याच्या अभावी दृष्टी व हृदय यांचे गंभीर विकार होतात. निकृष्ट प्रथिनांवर त्वचा व केसही निस्तेज होतात. मोठ्या मांजरांपैकी अनेकांस दूध पचतही नाही. ज्या घरास मांस हाताळणे रुचत नसेल त्यांनी मांजराचे तयार संपूर्ण खाद्य आणावे, असे आम्ही सांगतो.

पशुवैद्यकांकडे जाईपर्यंत व्रणासाठी एवढेच करावे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे. ते कोमट झाल्यावर त्याने व्रण हलक्या हाताने धुवावा व स्वच्छ कापडाने टिपावा. मांजर व्रण चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. व्रणावर कोणताही लेप, चूर्ण वा तेल लावू नये. साधे खोबरेल विषारी नाही, परंतु त्याने कीटक मरत नाहीत व बुरशीही जात नाही. अळ्या दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चुकून घातक द्रव्य लागले असल्यास लाळ, कंप, अडखळणारी चाल, आचके वा निपचितपणा यांची वाट न पाहता कोमट पाण्याने व भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाने अंग धुऊन, पुसून, ऊब देऊन औषधाच्या बाटलीसह मांजरास पशुवैद्यकांकडे न्यावे. ओकारी करविण्याचा प्रयत्न करू नये. आचके येत असतील तर धुण्यात वेळ न घालविता प्रथम दवाखाना गाठावा.

घरातील माणसे : हा आपलाच विषय

मांजर ज्याच्या मांडीवर बसते तो रुग्ण मात्र आपला आहे. त्वचाविकाराच्या प्रत्येक रुग्णास "घरात प्राणी आहे का?" हा प्रश्न विचारण्याची सवय आम्ही त्या प्रसंगानंतर लावून घेतली. व्याधीचे स्थान पुष्कळ काही सांगते. पिसवांचे चावे बहुधा घोट्याभोवती व पोटऱ्यांवर पुंजक्याने असतात. मांजराच्या खरजेच्या कीटकाने होणाऱ्या पुळ्या जेथे मांजराचा स्पर्श होतो तेथे, म्हणजे बाहू, छाती, पोट व मांड्या येथे येतात. बोटांच्या बेचक्यांत येणारी नेहमीची मानवी खरूज ती निराळी. मांजरावर उपचार झाले की हा विकार आपोआप शमतो. मात्र मूळ तसेच राहिल्यास आपले औषध कितीही उत्तम असले तरी तो उलटत राहतो.

गजकर्ण मांजरापासून माणसास, विशेषतः मुलांस, सहज लागतो. मुलाच्या डोक्यात कोंड्यासह टकलाचा चट्टा दिसल्यास केवळ बाह्य लेपावर विसंबू नये. तेथे पोटातून औषध देणे आवश्यक असल्याने त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी काखेत वा मानेत गाठ येऊन ज्वर आल्यास बार्टोनेला जंतूचा विचार करावा. हा जंतू पिसवांच्या विष्ठेतून मांजराच्या नखांवर येतो.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. मांजर चावल्यास वा त्याने रक्त येईल असे ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रुग्णास विनाविलंब रेबीज प्रतिबंधक लशीसाठी पाठवावे. घरचे मांजर आहे म्हणून हे टाळू नये.

कायद्याची मर्यादा व औषधालयाची जबाबदारी

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज अन्य व्यक्तीस पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही. आपली नोंदणी माणसांच्या चिकित्सेपुरती आहे. दुसरीकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसे व प्राणी या दोहोंच्या व्याधींवरील औषधांचा समावेश आहे. म्हणजे प्राण्यांसाठी आयुर्वेदीय औषध बनविणे व विकणे कायद्यास मान्य आहे. परंतु ते कोणत्या प्राण्यास, कोणत्या व्याधीत व किती द्यावयाचे हे ठरविणे पशुवैद्यकाचे काम आहे. 'पशूंसाठी' असे वेष्टनावर लिहिलेले औषध गाई-म्हशींसाठी असू शकते. मांजराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते मांजरास देऊ नये.

औषधालय चालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी पुढील मजकुराची पाटी दर्शनी भागी लावावी : "मांजरासाठी तेल, मलम वा गोळी मागू नये. माणसांची व कुत्र्यांची औषधे मांजरास विषारी ठरू शकतात. कृपया पशुवैद्यकांस दाखवावे." पाटीखाली जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व वेळ लिहावी. यात एका बाटलीची विक्री बुडेल, हे खरे. परंतु ज्या घरचे मांजर आपल्या बाटलीने दगावले त्या घराचा आपल्या शास्त्रावरील विश्वासही त्याबरोबर जातो, हे ध्यानी घ्यावे.

उपसंहार

मांजराची खाज ही एक व्याधी नसून अनेक व्याधींचे समान लक्षण आहे. त्याचे यकृत वनस्पतिज द्रव्ये पचविण्यास असमर्थ आहे. त्याच्या त्वचेवर लावलेले सर्व काही त्याच्या पोटात जाते. या तीन गोष्टी ध्यानी ठेवल्या तर आपल्या हातून अपाय घडणार नाही. आपल्या वाट्यास येते ते हेतूचा शोध, घराची शुद्धी, पथ्याचा उपदेश व घरातील माणसांची चिकित्सा. हे काम लहान नाही.

ती मांजरी पुढे अनेक वर्षे जगली. तिच्या घरचे आजही आमच्याकडे येतात, आणि "तेव्हा तुम्ही स्वतः दवाखान्यात आलात" एवढेच त्यांच्या स्मरणात आहे. आमच्या स्मरणात मात्र न पाहता दिलेली ती बाटली आहे. वाचक वैद्यांवर व औषधालय चालकांवर तशी आठवण बाळगण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.